'बसा' म्हटल्यावर न बसणाऱ्या बाई

लालबागच्या आमच्या मसाल्याच्या गल्लीला एका मंत्र्याने फसवलं. तेही आडोशाला नाही, भर विधानसभेत. ज्यांनी त्याच्याकडून शब्द घेतला होता, त्या आमच्या आमदारबाई आता नाहीत.

बाई विरोधी बाकांवर. अध्यक्ष "बसा" म्हणाले की बाकीचे बसत. बाई पदर खोचून उभ्याच. आवाज मात्र कधी चढवला नाही. माझ्याकडून मिरची नेत, पण भाव पाडून मागत नसत. "माझी सगळी घासाघीस सभागृहात होते रे, तुझ्याशी कशाला?" म्हणत. गिऱ्हाइकाशी भांडून मोठा झालेला मी; मला हे कोडंच.

गल्लीचा पुनर्विकास निघाला तेव्हा बाईंनी लक्षवेधी लावली आणि मला गॅलरीचा पास काढून दिला. मंत्री म्हणाले, "त्याच जागी, तळमजल्यावर गाळे देण्याबाबत तपासून निर्णय घेऊ." काय तपासणार, आमचं नशीब? मी ओरडायला उठलो, तोच मार्शलने खांदा दाबला.

खाली बाई उभ्याच. "अध्यक्ष महोदय, मी बसते. आधी मंत्र्यांचं ते 'तपासून' खाली बसवा."

सभागृह हसलं. मंत्रीही हसले आणि म्हणाले, "बरं, तळमजल्यावरच देऊ." बाकं वाजली. मगच बाई बसल्या.

बाहेर मी पेढे पुढे केले, तर म्हणाल्या, "थांब रे. सभागृहात दिलेला शब्द म्हणजे आश्वासन. ते पाळतात का, हे बघायला समिती बसवावी लागते, यातच काय ते समज."

पुढच्या निवडणुकीत बाई पडल्या आणि आम्हाला तिसरा मजला मिळाला. तिथे मिरची कांडायचं यंत्र, आमचा डंख, लावला की इमारत हादरते. मिरचीची पोती घेऊन गिऱ्हाईक बायका एवढे जिने चढत नाहीत. आमच्यातल्या निम्म्या गाळेवाल्यांनी धंदा बंद केला. आजारी बाई मंत्रालयात खेपा घालत राहिल्या. "मी पडले, आश्वासन नाही पडलं," म्हणायच्या. त्यातच गेल्या.

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी शोकप्रस्ताव आला. तोच मंत्री उठून म्हणाला, "बाईंनी आम्हाला शब्दाची किंमत शिकवली." सगळे स्तब्ध उभे राहिले. गॅलरीत मीही, दात आवळून. शोकप्रस्तावावर कुणी हरकत घेत नाही, ही तिथली रीत. बाईंनी ती मोडली नसती, म्हणून मीही मोडली नाही.

पण हे सभागृह नाही. मंत्रीमहोदय, तळमजल्यावरचे आमचे गाळे कुणाच्या घशात घातलेत? नाव घेऊन सांगा.