मागून आलेला हो

किर्गिझस्तानात सायकल चालवायची कल्पना माझी नव्हे, माझ्या मित्राची. तो देश नकाशावर दाखव म्हटलं असतं तर मी दोन मिनिटं चाचपडलो असतो, आणि नकाशे काढणं हाच माझा धंदा. इमारतींचे, अर्थात. मीरा रोडला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी वीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे. जिने, गच्च्या, पाण्याच्या टाक्या. मित्र भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात प्रेस मशीनवर होता. पत्रा ठेवायचा, पेडल दाबायचं, ताट बाहेर काढायचं. मी मूळचा रत्नागिरीकडचा, तो महाडकडचा, आणि आमची गाठ पडली उत्तनच्या रस्त्यावर, त्याच्या सायकलची चेन उतरली होती तेव्हा. त्यानंतर सात वर्षं क्वचितच एखादा रविवार आम्ही वेगवेगळा काढला असेल.

"लडाखला काय, अख्खा ठाणे जिल्हा जाऊन आलाय," तो म्हणायचा. "आपण अशा ठिकाणी जायचं, की नाव सांगितल्यावर समोरचा म्हणेल, कुठे?"

त्याने मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला होता. उघडे डोंगर, एक तळं, तळ्याकाठी चरणारे घोडे, आणि नजर जाईल तिथवर माणूस नाही. मीरा रोडला राहणाऱ्याला यातलं शेवटचंच खरं आवडतं. मी ऑफिसातून मोठा ट्रेसिंग पेपर आणला, सिल्व्हर पार्कमधल्या माझ्या घरात भिंतीवर लावला आणि त्यावर रस्ता काढायला घेतला. बिश्केकला उतरायचं, कोचकोरवरून सोन-कुल तळ्यावर चढायचं, पलीकडे नारिनला उतरायचं. तिथून इस्सिक-कुल या मोठ्या सरोवराकडे जायला दोन रस्ते. एक डांबरी, लांबचा, ट्रकांचा. दुसरा तोसोर खिंडीतून, जवळपास चार हजार मीटरवरून जाणारा, कच्चा, वाटेत दुकान नाही की घर नाही. मी डांबरी रस्ता निळ्या पेनने काढला. त्याने खिंडीचा रस्ता लाल पेनने काढला, वेडावाकडा, थेट माझ्या सुबक अक्षरांवरून. मला खिंडीपेक्षा त्या रेषेचा जास्त राग आला होता.

तो जाऊन आता दीड वर्ष झालं. कागद अजून भिंतीवर आहे.

वर्षश्राद्धाच्या दिवशी वहिनी, म्हणजे त्याची बायको, मला म्हणाली, "भावोजी, तुम्ही तरी जाऊन या. ह्यांचा जीव अडकलाय त्यात." म्हणून मी येत्या जुलैची तयारी करतोय. खिंडीतला बर्फ जुलै-ऑगस्टशिवाय हटत नाही. सामानाची यादी आम्ही दोघांनी मिळून केली होती, दोन रकान्यांत. माझ्याकडे स्टोव्ह, पाने, पंक्चरचं सामान. त्याच्याकडे तंबू, पातेलं, औषधं आणि सुकट. सुकटीवरून वाद झाला होता. विमानतळावर वास सुटला तर तुलाच तिथे वाळत घालतील, असं मी म्हणालो होतो. आता दोन्ही रकाने मलाच वाहायचेत. त्याच्या रकान्यातली एकेक वस्तू मी माझ्या रकान्यात उतरवून घेतो. तंबू, एका माणसाचा, नवीन बघायचा. औषधं, निम्मी. आणि मध्येच कधीतरी मागून आवाज येतो, "हो".

शोभेसाठी म्हणून हे लिहीत नाही. खरोखर येतो. एकदा मी खुर्चीवरून उठून मागच्या खोलीत जाऊन आलो. बायको म्हणाली, कुणाला शोधतोयस? मी म्हटलं, पट्टी.

हा हो कुठला, ते सांगायचं तर आमचा नियम सांगावा लागेल. जोडीने सायकल चालवताना मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, त्याला दिसते पुढच्याची पाठ. म्हणून पुढच्याने बघायचं आणि सांगायचं. खड्डा, वाळू, कुत्रा, जे असेल त्याचं नाव मान जरा मागे वळवून मोठ्याने घ्यायचं, आणि ज्या बाजूला असेल त्या बाजूचा हात खाली सोडून बोट दाखवायचं. मागच्याने तोच शब्द परत म्हणायचा, म्हणजे पुढच्याला कळतं की पोचलं. मी खड्डा म्हणायचो, मागून खड्डा यायचा. उत्तनच्या रस्त्यावरच्या कोळणी आम्हाला हसायच्या. एकीने तर विचारलं होतं, "खड्ड्याला हाका मारून तो भरतो काय रं?"

शेवटच्या वर्षभरात त्याने शब्द परत म्हणणं सोडलं होतं. मी काहीही म्हटलं की नुसतं "हो". मला ते खटकायचं. एकदा थांबवून बोललोही, की शब्द म्हण, शब्द म्हणायचं ठरलंय आपलं. तो हसून म्हणाला, "हो." मी समजलो, साहेबांना आता कंटाळा आलाय. आणि प्रेसवरच्या माणसांना ती खोडच असते. गाळ्यात दहा मशिनी चालू असताना कुणाचं काही ऐकू येत नाही. मुकादम ओठ हलवतो, हे मान हलवून हो म्हणतात आणि पुढचा पत्रा ठेवतात.

तो रविवार ऑक्टोबरातला होता. सकाळी काशीगावला चहाला थांबलो होतो आणि विषय निघाला खिंडीचा. मी म्हटलं, तिकडे दोन दिवस माणूस भेटत नाही, काही झालं तर काय करणार? तो म्हणाला, "तुला खिंडीची भीती नाय वाटत रे. तुला रेष सोडायची भीती वाटते." चहावाल्यासमोर म्हणाला. चहावाला हसला. एवढंच. एवढ्यावर मी बिघडलो. कप ठेवला आणि न बोलता सायकल काढली. घोडबंदरच्या उतारावर मी पुढे होतो, तो मागे. पावसाने रस्त्याची चाळण झालेली. समोर खड्डा आला, उजव्या बाजूला, खोल. तो मला चांगला दिसला होता. मी मान वळवली, सायकल डावीकडून काढली, आणि बोललो नाही. विसरलो नव्हतो. तोंडापर्यंत आलेला शब्द मी गिळला. बघेल त्याचा तो, असं मनात म्हटलं, याच शब्दांत.

आणि मागून आवाज आला, "हो."

मग सायकल पडल्याचा.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच तो वारला, शुद्धीवर न येता. बाहेर बाकावर त्याच्या भावाने मला विचारलं, "आवाज दिला होतास ना?" मी म्हटलं, "दिला होता. त्याने हो पण म्हटलं." पहिलं वाक्य खोटं होतं, दुसरं खरं. खऱ्याच्या आधाराने खोटंही उभं राहिलं आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. मला मात्र दीड वर्ष तेच खात होतं. मी काही बोललोच नाही, तर हा हो कशाला म्हणाला? कधी वाटायचं, मीच तो हो रचलाय, स्वतःला सोडवायला. कधी वाटायचं, तो अजून उत्तर देतोय आणि मी अजून बोललेलो नाही. दोन्हींपैकी कुठलंही खरं असलं तरी झोप लागत नाही.

तयारी मी तरीही नेटाने केली. सकाळी ऑफिसच्या आधी उत्तनच्या चढावर दोन-दोन फेऱ्या. सायकल दुरुस्तीला टाकली तेव्हा दुकानदार म्हणाला, "लंबा रास्ता है अंकल, शीशा लगा दूँ? पीछे का दिखेगा." मी इतक्या जोरात नको म्हटलं की तो हातातला आरसा परत खोक्यात ठेवायला लागला. तिकीट तेवढं काढत नव्हतो. आज काढू, उद्या काढू. कारण नारिनपाशी माझं पेन अडायचं. निळी रेष की लाल, ते ठरत नव्हतं.

मार्चमध्ये एका दुपारी वहिनी आली. गोडदेवहून रिक्षाने, मांडीवर मोठी पिशवी घेऊन. पिशवीत त्याच्या सायकलच्या दोन कॅरिअरच्या बॅगा होत्या, काळ्या, वॉटरप्रूफ, टॅग न काढलेल्या. या दौऱ्यासाठीच घेतलेल्या.

"तुम्हाला लागतील," ती म्हणाली. पाणी प्यायली. भिंतीवरच्या कागदाकडे बघत बसली. मग म्हणाली, "भावोजी, एक बोलायचंय. मला आता पेलत नाय ते. ह्यांना ऐकू येत नव्हतं."

मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसलो.

"मशीनने कान गेलेले. घरात जवळून बोललं की यायचं. बाहेर, वाऱ्यात, काही नाय. डॉक्टरांनी ऐकायचं मशीन लावायला सांगितलेलं. हे म्हणाले, आता नको, त्याला कळलं तर तो दौरा रद्द करील. मला शपथ घातली तुम्हाला सांगायचं नाय म्हणून. तुम्ही त्या दिवशी आवाज दिलात, पण तो ह्यांच्यापर्यंत गेलाच नसणार. मी तेव्हाच तुम्हाला सांगितलं असतं, तर हे आज असते. माझ्यामुळे झालं ते."

खोटं बोलणाऱ्या माणसाला याहून मोठी सवलत कुणी देत नाही. आवाज दिला असता तरी ऐकू गेला नसता. मी सुटलोच होतो. खरं सांगतो, क्षणभर मला हलकं वाटलं, आणि त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

"मग तो हो कसा म्हणायचा?" मी विचारलं.

"तुमच्या हाताकडे बघून," ती म्हणाली. "तुमची मान हलली की हे हो म्हणायचे, आणि हात कुठल्या बाजूला जातो ते बघायचे. मला सांगायचे, त्याचा हात कधी चुकत नाय, मला कानाची काय गरज."

दीड वर्ष जो हो मला समजत नव्हता तो तेव्हा समजला. मान त्याला दिसली होती. तो हो म्हणाला आणि हाताची वाट बघत राहिला. माझे दोन्ही हात हँडलवर होते. आवाज गेला असता की नसता, हा प्रश्नच नव्हता. हात मी खाली सोडला असता तर तो त्याला दिसला असता.

वहिनी डोळे पुसत होती. तिच्या घरात तिने दीड वर्ष हे एकटीने वाहिलं होतं, माझा वाटा धरून. मी गप्प राहिलो असतो तर ती मरेपर्यंत वाहत राहिली असती, आणि मला दर दिवाळीला फराळ पाठवत राहिली असती.

मी सांगितलं. चहा, चहावाल्याचं हसणं, गिळलेला शब्द, हँडलवरचे हात. मनात काय म्हटलं तेही सांगितलं. माझी मान खाली होती, त्यामुळे ती कशी ऐकत होती ते मला माहीत नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "कशावरून भांडलात?"

मी भिंतीवरची लाल रेष दाखवली.

ती उठली, चपला घातल्या आणि गेली. बॅगा टेबलावरच राहिल्या. विसरली की ठेवून गेली, मला कळेना. आठवडाभर मी त्यांना हात लावला नाही. रविवारी शेवटी मेसेज केला, "वहिनी, खिंडीच्या रस्त्याने जाईन म्हणतो. बॅगा नेऊ का?"

पाच मिनिटांनी उत्तर आलं. "हो."

तो शब्द मी कितीतरी वेळ बघत बसलो. वाचून दिलाय की मला गप्प करायला दिलाय? त्या घरातला हो मी ऐकल्याची खूण म्हणून घेत आलो होतो आणि त्याचं काय झालं ते मला माहीत होतं. मी बॅगा सायकलला लावल्या आणि गोडदेवला गेलो. रस्ता खणलेला होता. गल्लीच्या तोंडाशी डावीकडे खड्डा आला आणि माझा हात आपोआप खाली गेला. मागे एक रिक्षा होती. ती बाजूने गेली.

वहिनीने दार उघडलं. मी आत गेलो नाही. तिला माझं तोंड नीट दिसेल असा उंबऱ्यासमोर उभा राहिलो आणि पुन्हा विचारलं.

"ऐकलंय मी," ती म्हणाली. "त्या दिवशीचं पण सगळं ऐकलंय. माफबिफ मला जमणार नाय भावोजी, परत विचारू नका. पण वरच्याच रस्त्याने जा. आणि बॅगा परत आणून द्या."

मी मान हलवली. ती दारात तशीच उभी राहिली, माझ्याकडे बघत. मग मला कळलं ती कशासाठी थांबलीय.

"वरच्या रस्त्याने जाईन," मी मोठ्याने म्हटलं. "बॅगा परत आणून देईन."

तेव्हा तिने दार लावलं.