रुसमिनाची खालची पायरी

आमच्याकडे चर ज्याने खणला, त्याचंच नाव त्याला लागतं. आमचा चर मस्रानींचा. तरुणपणी कमरेएवढ्या दलदलीत उभं राहून त्यांनी तो नदीपर्यंत काढला, पाणी वाहून गेलं, तेव्हा कुठे तेलपामच्या रांगा उभ्या राहिल्या. सगळं गाव त्यांना जुलाक म्हणतं, म्हणजे थोरले काका. त्यांची बायको रुसमिना माझी आचिल, म्हणजे काकू. माझं घर त्यांच्या घराला लागूनच, त्यामुळे त्या दोघांची भांडणं मला भात शिजवता शिजवता फुकट ऐकायला मिळतात.

इथली जमीन म्हणजे माती नव्हेच, पिढ्यान्‌पिढ्यांचा कुजका पाला. पाणी काढून घेतलं की ती खचत जाते. खांबांवरचं घर जागच्या जागी राहतं आणि जमीन खाली जाते. पामची झाडं कलतात, जिन्याला खालून नवी पायरी जोडावी लागते. आणि आचिलचे तर गुडघे धरलेले. त्या वर्षी नवी पायरी ठोकून झाल्यावर जुलाक कौतुकाने म्हणाले, "ये, उतरून बघ."

"बघितली वरूनच," आचिल ओसरीतून म्हणाली. "तुमचा चर माझ्या पायाखालची जमीन पितोय. आणखी एक पायरी झाली की मी उतरणार ती चौघांच्या खांद्यावरूनच."

आचिल खरोखरच खाली यायची थांबली. तिची अंगणातली मिरचीची रोपं वाळून गेली आणि तिच्या वरून येणाऱ्या हाकांना ओ देऊन देऊन मी कंटाळले.

मग एके सकाळी जुलाक स्वतःच्याच चराच्या तोंडाशी पाणी अडवायला खांब ठोकताना दिसले. म्हातारा चळला, असं गाव म्हणालं. माझा नवरा इदरुस तावातावाने धावला.

"जुलाक, आमचे घड होडीतून न्यायचे कसे? का डोक्यावरून नेऊ?"

"बांधाला खाच ठेवतो. होडी मी ओढून देईन."

"सगळ्यांच्या?"

"चर कोणी खणला?"

जुलाकांनी शब्द पाळला. घड काढायच्या दिवशी ते अजून पाण्यात उभे असतात आणि एकेक होडी बांधावरून ओढून देतात. मुळं ओली राहिल्याने आमचे घड थोडे कमी झाले, आणि मी त्याबद्दल कुरकुरते, खोटं कशाला बोलू? पण पुढच्या उन्हाळ्यात पलीकडची जमीन कोरडा पाला पेटून आतल्या आत जळत राहिली, आमची नाही. जुलाकांनी पामच्या मधल्या जागेत कॉफी लावली, आणि चिकासाठी जेलुतुंगची रोपंही. थोडी माझ्याही गळ्यात मारली.

"जेलुतुंगचा चीक निघेपर्यंत कोण असणार, जुलाक?"

"तू असशील की. तुला कुठलं मरण!"

त्यानंतरचा उन्हाळा संपत आला होता. मी दारात आले तर जुलाक जिन्याखाली ओणवे, शेवटच्या पायरीखाली हात घालून जमीन चाचपत होते.

"काय शोधताय, कोंबडीची अंडी?" वरून आचिल म्हणाली आणि बसून, एकेक पायरी सरकत खाली येऊ लागली. मी धावले, तर तिने मला हाताने थांबवलं. शेवटच्या पायरीवर बसून तिने पाय खाली सोडला. एरवी दोन उन्हाळ्यांत तो अधांतरी लोंबला असता. आता तळवा ओल्या जमिनीवर सपाट बसला. तिने तो उचलला आणि पुन्हा ठेवून पाहिला.

"टेकला बघा," ती म्हणाली.

जुलाक तिथेच बसले आणि लहान मुलासारखे रडले. माझ्याही डोळ्यांना धार लागली. आचिलने त्यांच्या डोक्यावरचा पालापाचोळा झटकला.

"पुरे. आणि ती चुलीमागची फळी, पोत्याखाली झाकलेली? पुढच्या पायरीसाठी तासून ठेवलीत ना? मला दिसत नाही वाटतं?"

"बांधावर विश्वास नव्हता गं," जुलाक म्हणाले.

"बाक करा तिचा. कॉफीपाशी ठेवा. उतरलेच आहे तर बसायला नको?"