पट आडवा होता आणि मी हसले

मंडळी, देवरूखहून आत्ताच रत्नागिरीला घरी पोचले. शाल अजून खांद्यावर आहे, नारळ मांडीवर.

बुद्धिबळात मास्टर किताब मिळाल्यापासूनचा हा कितवा सत्कार, ते मोजणं मी सोडलंय. आज स्टेजवर पट मांडला होता. एक चाल करून मला स्पर्धेचं उद्घाटन करायचं होतं.

पट आडवा मांडलेला. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर हवं, तिथे काळं. हे तर पहिल्या दिवशी शिकवतात!

मी म्हटलं, "काका, पट फिरवूया का?"

आयोजक काका प्रेमानेच म्हणाले, "राहू दे गो बाय, फोटोत कोण बघतंय?"

मी प्यादं पुढे सरकवलं. हसले. टाळ्या पडल्या.

गाडीत बसल्यावर रडू आवरेना. गेल्या तीन स्पर्धांत मी सपाटून हरलेय, रेटिंग घसरतंय, आणि माझे फ्लेक्स लावणाऱ्यांपैकी कोणालाच ते माहीत नाही. सराव करायचा तर समोर माणूसच नाही. सेल्फी सगळे मागतात, डाव कोणी मागत नाही. परवा पुढची स्पर्धा आहे आणि मला खरंच भीती वाटतेय.

काकांचा राग नाही. राग माझाच येतोय. सात वर्षांची असताना चुकीचा पट दिसला की मी भोकाड पसरायचे. आज हसून चाल केली.

रत्नागिरीत कोणी आहे का, जो उद्या घरी येऊन माझ्याशी दोन डाव खेळेल? हरवा मला. फक्त नारळ आणू नका.