खरवडलेलं नाव

मालतीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी समितीच्या देणगीदारांचं विवरणपत्र भरत होते. त्यांनीच शिकवलेलं काम. पुनर्विकासात ज्यांची घरं जातात त्यांच्यासाठी भांडणारी आमची भांडुपमधली समिती त्यांनी उभी केली, आणि आटपाडीहून आलेल्या, घरातली पहिली पदवीधर असलेल्या मला तिथे नोकरी दिली. इंग्रजी फॉर्म बघून मी घाबरायचे. शेजारी बसून त्या एकेक रकाना समजावायच्या. "सरकारला प्रत्येक नाव द्यायचं, तो कायदा आहे. बाहेर एकही नाही."

यातलं दुसरं वाक्य मला उशिरा कळलं. आमच्या गावच्या शाळेत पंख्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव असायचं. म्हणून गावडेकाकांनी समितीला लोखंडी खुर्ची दिली तेव्हा मी कृतज्ञतेने तिच्या पाठीवर रंगाने लिहिलं, 'सप्रेम भेट', आणि खाली त्यांचं पूर्ण नाव. काका ज्या बिल्डरकडे सुपरवायझर होते, त्याच्याशीच आमचा वाद चालू होता. त्याचा माणूस बोलणी करायला ऑफिसात आला, त्याने खुर्ची पाहिली. महिन्याभरात काकांची नोकरी गेली. ताई पत्र्याचा तुकडा घेऊन स्वतः ते नाव खरवडत बसल्या...

पुढे एका सभेत एक बाई म्हणाल्या, "बिल्डरचे कागद मागता, मग आपले का झाकता ओ ताई?"

"बिल्डरला कोण कामावरून काढणार आहे गं?" ताई म्हणाल्या. सगळे हसले, मीही हसले. पण बाईंचा प्रश्न घरी जाईपर्यंत डोक्यातून गेला नाही.

आता देणगीदारांची यादी माझ्याकडे आहे. सभासद म्हणतात, नावांचा फलक लावा, लोकांचा विश्वास बसेल. रविवारी मला उत्तर द्यायचंय.

शोकसभेला गावडेकाका आले. गडबडीत मी नेमकी तीच खुर्ची पुढे केली. बसण्याआधी त्यांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला.

"काका, माझ्यामुळे..."

"नोकरी गेली ती गेली गो," ते हळूच म्हणाले. "नाव तरी ठेवायचं होतं."

लिहिताना मी त्यांना विचारलं नव्हतं. खरवडताना ताईंनीही विचारलं नव्हतं. ताईंची चूक झाली असेल, हे मनाला अजून पटत नाही... खुर्ची त्यांच्या टेबलाशी आहे. खरवडलेल्या जागी गंज धरू लागलाय. रंगाचा डबा आणून ठेवलाय, अजून उघडलेला नाही.