"ओळखलं का मले?"

माझ्या बाबानं आयुष्यभर पांढरकवड्याच्या कोर्टात कारकुनी केली. आई गेल्यापासून ते माझ्याच घरी राह्यतात, अन् मले एकच धास्ती आहे, एक दिवस ते मलेच विसरतील. बाकी सारं विसरले तरी चालते.

नागपूरच्या डॉक्टरनं बाबाच्या या विसरायच्या आजाराचं सारं समजावून सांगतलं होतं. मेंदूच्या स्वतःच्या राखणदार, प्रतिकार करणाऱ्या पेशी असतात. त्या जंतू मारतात, कचरा उचलतात, मेंदूतले नको असलेले जोड तोडतात, म्हणून मेंदू धड राह्यते. पण या आजारात त्या चवताळतात अन् थांबतच नाहीत, चांगले जोडही खाऊन टाकतात. औषधानं फार फरक पडत नाही म्हणे. निघताना त्यायनं बजावलं, "यांची परीक्षा घेऊ नका. घाबरतात ते."

पण ऐकते कोण! 'प्रतिकार करणाऱ्या पेशी' एवढंच साऱ्यायच्या कानात राह्यलं. ढाणकीचे काका गुळवेलीचा काढा घेऊन हजर. "दादाची प्रतिकारशक्ती कमी झाली, वाढवा!" अहो, कमी कायची, तीच तर डोक्यात माजली आहे! पण सांगावं कोणाले? मी काढा मोरीत ओतला, तर काकू म्हणे पोरीले बापाची काळजी नाही. आग लागो यायच्या काळजीले.

अन् आमच्याकडे आजाऱ्याले भेटाले येणं म्हणजे काय, तर समोर खुर्ची ओढून बसायचं अन् विचारायचं, "ओळखलं का मले?" चहा पिता पिता परीक्षा. ओळखलं नाही की च्‌च् च्‌च् करायचं, ओळखलं की टाळ्या. बाबाले घाम फुटे. जिवंत माणसाचा तमाशा मांडला नुसता.

परवा काकूनं माझ्याकडे बोट दाखवलं. "दादा, हे कोण होय? सांगा बरं."

बाबा माझ्याकडे पाहून राह्यले होते. ओठ हलत होते, आवाज नाही. मले राहवलं नाही. पाणी द्यायच्या निमित्तानं वाकली अन् कानात म्हटलं, "तुमची पोरगी."

"माझी पोरगी!" बाबा मोठ्यानं म्हणाले. साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. काकूनं तर डोळे पुसले. खुशीखुशीत उठले अन् गेले एकदाचे.

दार लावून मी आत आली, तर बाबानं माझी बाही धरली. इकडंतिकडं पाहून हळूच विचारलं, "बरोबर सांगतलं न मी, मॅडम?"