आईचा घसा आणि बाबांचा कान

आमचे बाबा शिलाई मशिनं दुरुस्त करतात, आणि त्यांना कमी ऐकू येतं. तरी धंदा चालतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनवर टेकवायचं, मूठ दातांत धरायची आणि चाक फिरवायचं; काय कुठे घासतंय ते त्यांना कवटीत कळतं. आईला काही असं दातांत धरता येत नव्हतं, म्हणून ती ओरडायची.

श्रवणयंत्र मी दोन वर्षांपूर्वीच आणून दिलं होतं. ते डबीत, सुयांच्या शेजारी, सुखात होतं. बाबांचं म्हणणं, "गिऱ्हाईक म्हणेल, याचाच कान बिघडलाय, हा मशीन काय नीट करणार!" मला असा संताप यायचा! आईच्या ओरडण्यामुळे आमच्याकडे कुणाचं पोट साफ होत नाही हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं, त्याची मात्र यांना लाज नव्हती.

शेवटी आईचा आवाज बसला. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. "महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. नाहीतर आवाज कायमचा जाईल." हे मी बाबांना कागदावर लिहून दाखवलं. कागद वाचून त्यांनी खाली ठेवला. मग उठून त्यांनी डबी उघडली आणि यंत्र कानात घातलं.

पहिल्याच दिवशी त्यांना पंख्याची कुरकुर ऐकू आली. पंखा खाली उतरला. मग दाराची बिजागरी, मग नळ. मला म्हणाले, "तू रोजच एवढी बोलतेस?" आई पाटीवर लिहायची, 'आता घातलंत? आता?' आणि खडू आपटायची. तेही त्यांना स्पष्ट ऐकू यायचं. दुकानात गिऱ्हाइकांना कशाचं काही पडलेलं नव्हतं. फक्त एका शिंपीणबाईंनी यंत्र कुठून घेतलं ते विचारलं, नवऱ्यासाठी.

महिना संपला. डॉक्टरांनी हळू बोलायला परवानगी दिली. घरी आल्यावर आई स्वयंपाकघरात गेली आणि भाजी चिरता चिरता, पाठमोरीच, अगदी हळू म्हणाली, "चहा घेणार का?"

बाबा बाहेरच्या खोलीत होते. त्यांना ऐकू आलं होतं. मी त्यांचा चेहरा पाहत होते.

"काय?" ते म्हणाले.

आईने सवयीने छाती भरून श्वास घेतला. तशी बाबा धडपडत दारात पोचले.

"ओरडू नकोस! ऐकलं मी. पुन्हा एकदा ऐकायचं होतं, म्हणून विचारलं."