म्याडमनी बोलावलंय!

मंडळी, आज सकाळी दहालाच माझ्या पुंडलिकनगरच्या दवाखान्यातली रांग रस्त्यापर्यंत गेली होती. आणि त्यात आजारी कुणीच नव्हतं!

झालं असं, बिलं, केसपेपर, अपॉइंटमेंट सगळं सांभाळणारं एक स्वस्तातलं सॉफ्टवेअर मी घेतलंय. रिसेप्शनवरच्या सुनीताताईंनी आठवडाभर बसून जुन्या पेशंटचे नंबर त्यात भरले. मग मी हौसेनं मेसेज लिहिला, "बऱ्याच दिवसांत भेट नाही. दवाखान्यात या." तो आज तपासणी असलेल्या चौघांना जायचा होता. काल संध्याकाळी मी चुकून सगळ्यांनाच पाठवला.

माझे जुने पेशंट नामदेवकाका तर कन्नडहून पहिल्या एसटीनं आले, शेतातली पिशवीभर अद्रक घेऊन.

"काका, काय त्रास होतोय?"

"मला कशाचा त्रास? तुमी कधी बोलवत नाय. म्हन्लं, म्याडमच आजारी हायेत का काय! लई वाळल्या तुमी. टायमावर जेवत जा."

माझा डबा रोज चारला उघडतो, हे यांना कुणी सांगितलं?

तक्रार आणि सल्ला भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढं सरकत नाही. सुनीताताईंनी गंभीर चेहऱ्यानं टाइप केलं, 'तक्रार: काही नाही. सल्ला: वेळेवर जेवणे.' लगेच स्क्रीनवर बिल उघडलं.

तपासलं काकांनी, सल्लाही काकांनीच दिला. आता तुम्हीच सांगा, बिल कुणाच्या नावावर फाडू?